आवडाबाईचा बुधवार

“आज कसा रे तू? तुजा तर गुरुवार,” आवडाबाई म्हणाली, आणि दर्शनच्या हातातला कागदी कप किंचित चेपला. पाणी सांडलं नाही. कपाची कड दोन बोटांमध्ये आत गेली आणि तशीच राहिली. कल्याणच्या सरकारी रुग्णालयात, पहिल्या मजल्यावर, जिथे एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात त्या केंद्राबाहेरच्या बाकावर, ठाण्यातल्या कोपरीच्या बाजारात त्याच्या आईला मासळी देणारी कोळीण बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, केसांत अबोलीचा गजरा, आणि चेहऱ्यावर तोच भाव, जो ती बाजारात गिऱ्हाइकाच्या मुलासाठी ठेवते. दर्शनचे कान गरम झाले. आधी कान, मग मान. शरीरात काय कुठल्या क्रमाने होतं ते टिपायची त्याची जुनी सवय होती आणि अशा वेळीही ती सुटली नाही. “बस ना,” म्हणून तिने पिशवी उचलून जागा केली. तो बसला. काहीतरी बोलायला हवं होतं. “उद्या सुट्टी आहे ना सरकारी,” तो म्हणाला, “म्हणून आज आलो.” “हां, तेच,” ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. इथे नावं पुकारत नाहीत. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि समुपदेशकाच्या खोलीत गेली.

मग तिचं ते पहिलं वाक्य त्याच्यापाशी एकटं राहिलं. ती घाबरली नव्हती, दचकली नव्हती, तू इथे कसा असंही म्हणाली नव्हती. तिला आश्चर्य त्याचं वाटलं नव्हतं, वाराचं वाटलं होतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. म्हणजे आज नव्हे, आधीपासून. दर्शनने कपातलं पाणी पिऊन टाकलं आणि कप सरळ करायचा प्रयत्न केला. पण कागदाला एकदा पडलेली घडी जात नाही.

सहा वर्षांपूर्वी ठाण्यात तपासणीचा रिपोर्ट हातात पडला, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं होतं, औषधं इथूनच घेणार ना, जवळ पडेल. तो लगेच म्हणाला होता, कल्याण. कोपरीत सगळे सगळ्यांना ओळखतात. ठाण्याच्या दवाखान्यात आईच्या भिशीतल्या बायका बीपीच्या गोळ्यांना जातात, खालच्या मजल्यावरचे काका प्लास्टर काढायला जातात. कल्याणमध्ये त्याचं कोणी नव्हतं. लोकलने गेलं तर कोपरीच्या बाजूने ठाणे स्टेशनात शिरतानाच चार जण विचारतात, म्हणून तो पश्चिमेला जाऊन बस धरायचा. बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर, भिवंडी असा मोठा वळसा. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या आणि पुढे नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्याच्या कामाला लागलेल्या दर्शनला आपलं उत्तर अचूक वाटलं होतं. ओळखीचे जिथे सर्वात कमी, आणि अंतर जिथे एका दिवसात जाऊन येण्याइतकं, अशी एकच जागा निघत होती. एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, की कोपरीतल्या दुसऱ्या कोणाला हेच गणित घातलं तर त्याचंही उत्तर कल्याणच येणार. गणित बरोबर होतं, आणि म्हणूनच चुकलं होतं. या विचाराने त्याला त्याही परिस्थितीत किंचित हसू आलं.

रिपोर्टच्या आधी केदार होता. डोंबिवलीतल्या एका खोलीत दोघं दोन वर्षं राहिले. एकमेकांवर जीव होता, आणि आईला केदार नुसता रूममेट म्हणून माहीत होता. मग केदारला पुण्याला नोकरी लागली, फोन विरळ झाले, आणि एका संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, “तू पण तपासून घे, यार.” कोणाकडून कोणाला, हे दोघांनीही विचारलं नाही. त्या प्रश्नाने मागचं काही सुधारणार नव्हतं. दर्शन आईकडे कोपरीला परत आला. आई स्थळं आणत राहिली, तो भिंगं घासत राहिला. भिंगाचा मध्य बुबुळासमोर बसायला हवा; एखादा मिलिमीटर चुकला तरी माणसाचं डोकं दुखतं, आणि का दुखतं ते त्याला कळत नाही. आईचं तसंच काहीतरी होत असावं असं त्याला अधूनमधून वाटायचं.

पण खरं सांगायचं तर दर्शनला हे केंद्र आवडायचं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने ते स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. जुना हिरवा ऑइलपेंट, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं पोस्टर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, कडक इस्त्रीचा शर्ट घालून येणारा एक सुरक्षारक्षक. इथे कोणी कोणाला ‘काय झालं’ असं विचारत नाही, कारण झालेलं सगळ्यांचं एकच. वर्षातून एकदा रक्त घेतात. ते फिरवून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात, बर्फाच्या पेटीतून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात, आणि काही दिवसांनी विषाणू आढळला नाही असा निकाल येतो. नाही असं नव्हे, आढळला नाही. यंत्राचा हा प्रामाणिकपणा दर्शनला फार पटायचा. विषाणू कुठल्यातरी पेशीत झोपलेला असतो, गोळी रोज रात्री त्याला झोपवून ठेवते, आणि तोवर दर्शनपासून कोणाला काही होत नाही. विषाणूने आणि त्याने, दोघांनी आपापल्या जागी राहायचं. बाटलीवर छापलेलं असायचं, शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही. पहिल्या महिन्यात ते वाचून त्याला लाज वाटली होती, जणू कोणाच्या ताटातलं आपण घेतोय. पुढे लाज गेली आणि तिच्या जागी नवल आलं. दिल्लीतल्या कुठल्याशा कचेरीत, त्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी, दर्शन नावाच्या कोणाला कोपरीत रोज रात्री एक गोळी लागेल हे धरून चालायचं. मग कारखाना, गोदाम, टेम्पो, जिना, ही खिडकी. त्याच्या पगारात ही गोळी जन्मभर विकत घेणं जमलं नसतं, आणि ते जमवायची वेळही कोणी त्याच्यावर आणली नव्हती. आपल्याशी इतक्या सरळपणे, काही न विचारता, दुसरं कोण वागलंय, असा विचार करता करता तो बाकावर अर्धवट पेंगायचा. सहा वर्षांत त्याचे सगळ्यात निवांत तास या बाकावर गेले होते.

आणि आता त्याच बाकावर बसून तो कोपरीचा बाजार आठवत होता, एकेक सकाळ उलटीपालटी करून बघत होता. आईबरोबर पिशवी धरायला तो रविवारी जायचा. आवडाबाई पाटावर बसलेली, पुढे बर्फावर मांडलेली मासळी, हातात कोयता. आई घासाघीस करायची. मग आवडाबाई वर दोन बोंबील टाकायची आणि म्हणायची, पोराला घाल. हे दोन बोंबील कधीपासून? आधीपासूनच टाकायची, की मध्येच कधीतरी सुरू झालं? एकदा ती आईला म्हणाली होती, त्याला रातचा उपाशी झोपवू नको गो. आई हसली होती, तेहतीस वर्षांच्या घोड्याला मी झोपवते होय. एकदा त्याला ताप आला होता, तेव्हा तिने सुनेच्या हाती खेकडे पाठवले होते, रस्सा करायला, आणि आईने तीन वेळा म्हटलं होतं, किती लावते माणसाला. तेव्हा ही सगळी माया वाटली होती. आता त्या प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू फुटली. ती कीव होती का? की पाळत? आपण बाजारात बेफिकीर उभे असताना समोरचं माणूस आपल्या रक्तापर्यंत सगळं ओळखून होतं. आणि मग, बऱ्याच उशिराने, साधी गोष्ट लक्षात आली. त्याने तिला ओळखलं नव्हतं. तिच्याकडे त्याने कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. तीही रोज रात्री एक गोळी घेत होती, कोयत्याने सुरमईचे तुकडे करत होती, सुनेवर खेकसत होती, आणि त्याला ती फक्त ताज्या-शिळ्या मासळीइतकी माहीत होती.

खोलीला दार नव्हतं, प्लायवूडचा अर्धा आडोसा होता. समुपदेशक समीक्षा मॅडम हळू बोलायच्या, पण आवडाबाईला हळू बोलणं या जन्मात जमणारं नव्हतं.

“मावशी, पुढच्या वेळेपासून बुधवार बंद,” समीक्षा मॅडम सांगत होत्या. “दुसऱ्या समुपदेशकांचं कंत्राट संपलं, नवीन माणसाच्या पगाराची मंजुरी वरून आली नाही अजून. मी एकटी पडलेय. जुन्या सगळ्यांना आता गुरुवार.”

“गुरुवार नको.”

“अहो, आधी तुमचा गुरुवारच होता की. तुमचा धंदा नसतो त्या दिवशी, तुम्हीच मागून घेतलेला.”

“तवा घेतलेला.”

“मग आता काय झालं?”

“आता मना उपास असतो गुरुवारी.”

समीक्षा मॅडम हसल्या. “मावशी, तुम्ही आणि उपास?”

“का? कोलनीला देव नाय? तू मना उल्हासनगरला लिवून दे.”

“तिथे तुमची सगळी नोंद नव्याने. आणि जायला किती लांब पडेल. पंधरा वर्षं झाली तुम्हाला इथे.”

“पडू दे लांब.”

आत पानं उलटल्याचा आवाज आला. मग समीक्षा मॅडम म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत विचार करा, मला फोन करून सांगा, यादी पाठवायची आहे.

दर्शन पोस्टरवरच्या कुटुंबाकडे बघत राहिला. कोपरीत गुरुवारी निम्मी घरं मासळी घेत नाहीत. गुरुवारी आवडाबाई पाट धुऊन उभा करते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. बुधवार म्हणजे धंद्याचा वार. दुपारपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नसते. तिने रिकामा गुरुवार सोडून भरलेला बुधवार घेतला होता, आणि त्याचं कारण बाकावर बसलेलं होतं. गेली काही वर्षं आईने कितीदा तरी कुरकुर केली होती, ही आवडाबाई ऐन बुधवारी कुठे गायब होते कोण जाणे, जावेकडे मुलुंडला जाते म्हणे. दर्शनने ते जेवता जेवता ऐकलं होतं, आमटी वाढून घेत.

उल्हासनगर. त्याच्या मनात सगळ्यात आधी जे वर आलं ते सुटका झाल्याचं होतं. ते त्याने स्वच्छ पाहिलं, परीक्षानळीत रंग बदलताना बघतात तसं. तो काही बोलला नाही तर ती जाईल. त्याचा गुरुवार त्याला राहील, हा बाक, हे पेंगणं, बसचा वळसा. बाजारात दोन बोंबील पडतच राहतील. काहीच बदलणार नाही, फक्त साठीची एक बाई त्याच्यासाठी आणखी लांबच्या गावी जाईल आणि ते कोणाला सांगणारही नाही. पण आता त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो रविवारी तिच्या पाटासमोर उभा राहील. त्या रविवारची त्याने कल्पना करून पाहिली: ती बोंबील वर टाकतेय, पोराला घाल म्हणतेय, आणि आपण पिशवीचं तोंड उघडून धरलंय.

आवडाबाई बाहेर आली आणि त्याच्या शेजारी धपकन बसली. औषधाच्या खिडकीपाशी अजून रांग होती.

“मावशी,” तो म्हणाला, “तुला कधी कळलं?”

“चार वर्सा झाली असतील. हितं जिन्याजवल तू उभा होतास, पाठमोरा. तुजी आय तुना जो निला शर्ट घालायला लावते, तोच. मी तशीच मागं फिरली. औषध न घेताच घरी गेली त्या दिवशी.” ती हे बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. “मग मॅडमला बोलली, मना दुसरा वार दे. तिनं विचारलं नाय, मी सांगितलं नाय.”

“आणि आईला?”

“कनाला सांगू? मी मासली विकतंय, बातम्या नाय.” मग जरा थांबून म्हणाली, “तुजी आय बोंबलाला पन घासाघीस करते. तिला फुकट कायतरी देईन मी?”

दर्शन हसला.  “तुझं घरी माहितीये?” त्याने विचारलं.

“पोरग्याला माहीत हाय, भिवाला. सुनेला नाय. सुकटीच्या डब्यात ठेवतंय मी बाटली. ती घाटावरची, माळकरी घरातली. सुकटीच्या डब्याला हात लावायची नाय, मेली तरी.” ती गालात हसली. “नवरा गेला तवा वाटलं, आपन पन वर्सा दोन वर्सा. मग ही औषधा चालू झाली. पंधरा वर्सा झाली. आता नातू शालेत जातो. कंटाला येतो जगायचा, पन सरकार मरू देत नाय.”

“मावशी, उल्हासनगरला नको जाऊ.”

“ऐकलंस होय? लांब कान हायत.”

“गुरुवारी ये. आधी तुझाच होता.”

“आनि तू?”

“मी पण गुरुवारीच येणार.”

तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं, ताज्या मासळीचे कल्ले उचलून बघतात तसं. “तुना चालंल?”

चालेल म्हणणं सोपं होतं. ती आज समोर होती, पण उद्या सून बरोबर यायला लागेल, सुनेची ओळखीची कोणी भेटेल. एक माणूस माहितीतलं झालं की त्याच्यामागे रस्ता तयार होतो. त्याला खोटं बोलवेना. “माहीत नाही,” तो म्हणाला. “बघू.”

“बघू? बोंबील हाय काय, हातात घेऊन बघू?” ती म्हणाली. खिडकीपाशी दोघांनी पाठोपाठ बाटल्या घेतल्या. जिना उतरताना ती म्हणाली, तू हो पुढं, मी नंतरची बस धरतंय. “कशाला,” तो म्हणाला, आणि तिची पिशवी घेतली. तिने ती दिली, पण एकदम नाही.

दुपारची बस निम्मी रिकामी होती. भिवंडीपर्यंत आवडाबाई डुलक्या काढत होती. काल्हेरची गोदामं गेली, कशेळीच्या पुलावर खाडीचा खारट वास खिडकीतून आत आला आणि ती जागी झाली. भरती हाय, ती पाण्याकडे न बघताच म्हणाली. तिचं माहेर बाळकुमचं. आत्ता जिथे ते उंच टॉवर आहेत तिथे तिच्या बापाचं भात होतं आणि भाताच्या बांधावर खेकड्यांची बिळं. पोरी बिळात हात घालायच्या आणि खेकडा चावला तर रडायचं नाही असा नियम होता, कारण रडली की पुढच्या वेळी नेत नसत. दर्शन ऐकत होता. पायाशी दोघांच्या पिशव्या शेजारी शेजारी होत्या आणि खड्डा आला की दोन्ही पिशव्यांतल्या गोळ्या खुळखुळत होत्या. तो आवाज त्याला ऐकू येत होता आणि त्याचा त्रास होत नव्हता. ऊन होतं, वारा होता, पोटात भूक होती. या क्षणी आपल्याला काही कमी नाही, असं त्याला अगदी नेमकं वाटलं आणि तेवढ्यात बाळकुम नाक्यावर पंढरी बसमध्ये चढला.

पंढरी त्यांच्याच गल्लीत राहायचा. टेंभी नाक्याजवळ त्याचं मंडपाच्या सामानाचं काम होतं, आणि गल्लीतल्या प्रत्येक बारशाला तो आधी पोचायचा. “अरे दर्शन,” तो दांड्याला धरून म्हणाला, “इकडे कुठे रे? दुकान बंद?”

दर्शनच्या डाव्या बाजूला काहीतरी हललं. आवडाबाईने तोंड खिडकीकडे केलं होतं. पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, आणि एका पायाने हळूच स्वतःची पिशवी त्याच्या पिशवीपासून बाजूला सरकवली होती. हे तिने इतक्या चटकन, इतक्या सरावाने केलं, की पंढरीला ती कोणी परकी बाई वाटावी. दर्शनला तिचा कान दिसत होता आणि गजऱ्यातली सुकायला लागलेली अबोली. काय म्हणायचं ते त्याच्या जिभेवर तयार होतं. असंच, एका मित्राकडे. सहा वर्षांत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की उच्चारायला कष्टच पडत नसत.

“कल्याणला गेलेलो,” तो म्हणाला. “सरकारी दवाखान्यात. मावशी पण होती.”

“कोण मावशी? अगं आवडाबाई, तू होय,” पंढरी वाकून म्हणाला. “चांगलं केलंस रे, बरोबर गेलास. या वयात एकट्याने दवाखाने करायचे म्हणजे त्रास.”

हेही चालण्यासारखं होतं. पंढरीने आपणहून सगळं जुळवून दिलं होतं: म्हातारी आजारी, गल्लीतला पोरगा सोबतीला. आवडाबाईने तोंड खिडकीकडेच ठेवलं. तिची पाठ ताठ होती. ती हेही अंगावर घेईल, दर्शनच्या मनात आलं, जाऊबाईच्या मुलुंडसारखं.

“सोबत म्हणून नाही,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. “दोघांचीही औषधं असतात तिथे. माझी पण. आता दर वेळी बरोबरच जाऊ.”

पंढरीच्या चेहऱ्यावर एक प्रश्न आला. तो काही क्षण तिथेच राहिला. दर्शन त्याच्याकडे बघत राहिला. नजर वळवली नाही. “बरं, बरं,” पंढरी म्हणाला. “तब्येत सांभाळ.” मग त्याचा फोन वाजला आणि कोणाच्यातरी मंडपाच्या पडद्यांचा रंग चुकला होता म्हणून तो पुढच्या दाराकडे सरकत ओरडू लागला.

कापूरबावडीच्या सिग्नलला बस थांबली. आवडाबाईने पदर मागे टाकला. ती दर्शनकडे बघत होती, आणि हा चेहरा बाजारातला नव्हता; असा तो त्याने आधी पाहिला नव्हता. तिने पायाने पिशवी परत जागेवर आणली.

“मॅडमला फोन लाव,” ती म्हणाली. “सांग, आवडाबाईचा उपास सुटला. गुरुवार चालंल.”